गोळ्या संपल्या, आता छातीकडे बघा

टीबीचा कोर्स पुरा झाला, थुंकीत जंतू सापडले नाहीत, कार्डावर बरा झाल्याचा शेरा पडला, की आपल्या आरोग्य यंत्रणेच्या लेखी त्या माणसाचं काम संपलं. माझ्या लेखी ते तिथून सुरू होतं. औषधानं जंतू मरतात. पण महिनोन् महिने खोकून, वजन घटून, दुखऱ्या कुशीवर पडून राहून आखडलेली छाती गोळीनं उघडत नाही. ती पुन्हा उघडायला शिकवावी लागते, आणि ते शिकवायला बहुतेक सरकारी दवाखान्यांत कुणी नाही.

मी छातीच्या रुग्णांची फिजिओथेरपिस्ट. राहते उज्जैनमध्ये, देवास गेटला. शिंदे संस्थानाच्या काळात इकडे आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. महाकालाच्या दर्शनाला येणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळींना हा भाग माहीत असेल. स्टेशनाबाहेर पडलं की जवळच बसस्टँड, माधव महाविद्यालय, चामुंडा मातेचा चौक आणि दिवसभर चालणारा 'देवास, देवास' असा कंडक्टरांचा पुकारा. आजूबाजूच्या तहसिलींतून, खेड्यांतून उपचारांसाठी निघालेली माणसं इथं एक बस सोडून दुसरी धरतात. इंदूरच्या मनोरमाराजे टीबी हॉस्पिटलला, म्हणजे सगळे ज्याला एमआरटीबी म्हणतात तिथं जाणारेही त्यांत असतात. एक्स-रेचं मोठं पाकीट हातात असलं की असा माणूस गर्दीतही ओळखू येतो.

नुसतं पाकीट बघू नका, त्याची मान बघा. स्टेशनापासून स्टँडापर्यंतच्या एवढ्याशा अंतरात तो दोनतीनदा थांबतो. थांबल्यावर मोबाइल काढून बघतो, म्हणजे दम लागलाय हे कुणाच्या ध्यानात येऊ नये. पण मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दर श्वासाला ताठ होऊन वर येतात, खांदे उचलले जातात, गळपट्टीच्या हाडावरची खळगी आत ओढली जाते. शर्ट काढायला सांगितलं तर एका बाजूच्या बरगड्या हलताना दिसतात आणि दुसऱ्या बाजूच्या जवळजवळ स्थिर. 'टीबी होऊन गेला, आता ठीक आहे,' असं तो सांगतो, आणि खोटं बोलत नाही. त्याला तसंच सांगितलेलं असतं.

त्या स्थिर बाजूबद्दल मला लिहायचं आहे. श्वास म्हटला की आपण फुप्फुसाचा विचार करतो. फुप्फुसाला स्वतःहून फुगता येत नाही. त्याला फुगवणारे स्नायू बाहेर असतात. मोठा वाटा पोट आणि छाती यांच्यामधल्या श्वासपटलाचा, आणि त्याच्या जोडीला बरगड्यांच्या मधले स्नायू. बरगड्यांच्या बारा जोड्या, त्यामुळे प्रत्येक बाजूला अकरा फटी. प्रत्येक फट मांसाने भरलेली. बोकडाच्या बरगड्यांचा तुकडा ज्यानं ताटात पाहिलाय त्यानं हे स्नायू पाहिले आहेत. हाडाहाडांमध्ये जे पातळ, चिवट मांस असतं तेच हे.

या पातळ मांसात तीन थर आहेत. बाहेरच्या थराचे तंतू वरच्या बरगडीकडून खालच्या बरगडीकडे तिरके, पुढच्या बाजूला उतरतात. पँटच्या खिशात हात घातला की बोटं ज्या दिशेनं जातात, तीच त्यांची दिशा. त्याच्या आतल्या थराचे तंतू नेमके उलट, खाली आणि मागे जाणारे. सर्वांत आतला तिसरा थर फारच पातळ, आणि सगळीकडे सलग नाही. बाहेरचा थर पाठीकडे मणक्याजवळ सुरू होतो आणि पुढे बरगडीचं हाड संपून कूर्चा लागते तिथं थांबतो. तिथून पुढे नुसता पडदा. मधल्या थराचं उलट. तो छातीच्या मधल्या हाडापासून सुरू होतो आणि मागे बरगडी वळते तिथं संपतो. म्हणजे दोन्ही थर एकमेकांची उणीव भरून काढतात आणि फट कुठंही उघडी पडत नाही.

कामं वाटलेली आहेत. बाहेरचा थर श्वास घेताना बरगड्या उचलतो. खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाजूनं वर येतात आणि छाती आडवी रुंदावते. वरच्या बरगड्या पुढे आणि वर जातात. मधला थर मुख्यतः श्वास जोरात सोडताना बरगड्या खाली ओढतो. मात्र त्याचा पुढचा, कूर्चांच्या मधला भाग श्वास घेण्याच्या बाजूनं काम करतो. एकाच स्नायूच्या दोन टोकांनी दोन विरुद्ध कामं करावीत, हे शरीरशास्त्र शिकताना मला फार नवलाचं वाटलं होतं, आणि अजून वाटतं. अठराव्या शतकात यावरूनच जेनाचा हाम्बर्गर आणि गॉटिंगेनचा हालर यांच्यात मोठा वाद झाला. हालरचं म्हणणं, दोन्ही थर बरगड्या उचलतातच. हाम्बर्गरनं भूमितीनं मांडलं की तंतूंचा तिरकेपणा उलटा असेल तर परिणामही उलटा होणार. पुढच्या प्रयोगांनी हाम्बर्गरचं पारडं बरंच जड केलं.

आणखी एक काम आहे, ते स्नायू गेल्याशिवाय लक्षात येत नाही. श्वास घेताना छातीच्या आत ओढ तयार होते. फटींमधलं मांस लुळं असतं तर दर श्वासाला तेच आत खेचलं गेलं असतं आणि हवा कमी आली असती. हे स्नायू ताठ राहून छातीची भिंत धरून ठेवतात. रात्रंदिवस, आपण झोपेत असतानाही.

प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते. तिच्यातून वरून खाली या क्रमानं नीला, धमनी आणि नस जातात. म्हणून छातीत पाणी झालं की डॉक्टर सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात. वरच्या बरगडीच्या बुडाशी गेली तर रक्तवाहिनीला धोका. याच नसांच्या वाटेनं नागीण उठते. घरोघरी अजून भीती आहे की नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातो. ही नस मणक्यापासून निघून पुढे छातीच्या मध्यरेषेपर्यंत येते आणि तिथं संपते. दुसऱ्या बाजूची नस वेगळी. त्यामुळे नागीण सहसा एकाच बाजूला, अर्ध्या पट्ट्यातच राहते. क्वचित दोन्हीकडे उठलीच तर रुग्णाची प्रतिकारशक्ती तपासावी लागते, पण तोंडं मिळाल्यानं कुणी मरत नाही. गेरू लावत बसण्यापेक्षा पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे गेलं तर औषधाचा उपयोग चांगला होतो. हे विषयाला थोडं सोडून झालं, पण याच भीतीनं रात्र रात्र जागणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून लिहिलं.

टीबीत काय होतं? फुप्फुसाचा रोगट भाग भरून येताना तिथं व्रण राहतो. व्रण आक्रसतो. त्याच्याबरोबर फुप्फुस आक्रसतं, वरचं आवरण जाड होतं, श्वासनलिकाही त्या बाजूला ओढली जाते. वरच्या बरगड्या एकमेकींच्या जवळ येतात आणि मधल्या फटी अरुंद होतात. ज्या स्नायूला लांब-आखूड व्हायला जागाच उरली नाही, तो बारीक होत जातो. त्यात खाणं तुटलेलं. शरीराला बाहेरून अन्न मिळालं नाही की ते आपलंच मांस खर्ची घालतं आणि त्यातून श्वासाचे स्नायू सुटत नाहीत. मग सगळा भार मानेवर. मानेचे स्नायू धावपळीच्या वेळी मदतीला यायचे, त्यांना चोवीस तास जुंपलं की ते थकणारच. व्यायामानं फुप्फुसाचा व्रण जात नाही, हे मी प्रत्येक रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगते. पण व्रणाच्या आसपास जे चांगलं उरलंय ते पुरतं वापरता येतं. चालण्याचा पल्ला वाढतो, धाप कमी होते, आणि मुख्य म्हणजे माणूस घाबरायचा थांबतो.

याचं सर्वांत मोठं उदाहरण माझ्या घरापासून फार लांब नाही. देवास गेटवरून सुटणारी बस तासाभरात जिथं पोहोचते, त्या देवासला माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी 'भानुकुल' आहे, कुमार गंधर्वांचं घर. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकली, म्हणजेच कुमारजी, मुंबईत गाण्यात नाव कमावून बसले होते. क्षय झाला आणि 1948 साली माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून ते देवासला आले. तेव्हा पंचविशीही गाठलेली नव्हती. पुढची काही वर्षं बिछान्यावर गेली, गाणं बंद. स्ट्रेप्टोमायसीन 1943 साली अमेरिकेत सापडलेलं, ते याच काळात आपल्याकडे मिळू लागलं होतं. त्या औषधानं आणि पत्नी भानुमतीबाईंच्या शुश्रूषेनं ते उठले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं. आणि 1953च्या सुमारास पुन्हा गाऊ लागलेला हा माणूस जानेवारी 1992 मध्ये जाईपर्यंत गात राहिला.

त्यांची छोट्या, झेपावणाऱ्या तुकड्यांची गायकी अधू फुप्फुसातून आली, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते पटत नाही. माळव्याची लोकगीतं बिछान्यावर पडल्या पडल्या कानांत साठवणारा, त्यांतून राग घडवणारा कलावंत काय गायचं हे डोक्यानं ठरवत होता. पण ठरवलेलं गळ्यातून काढायला छाती लागते, आणि ती त्यांनी नव्यानं घडवली असली पाहिजे, हे माझ्या धंद्याचं ज्ञान मला सांगतं.

कसं ते सांगते. छाती भरून श्वास घेतला की फुप्फुस ताणलेल्या अवस्थेत असतं आणि एकदम आकसायला बघतं. तसं होऊ दिलं तर सूर भसकन सुटेल आणि लगेच संपेल. 1950च्या दशकात एडिनबरोमध्ये पीटर लॅडफोगेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलणाऱ्या माणसांच्या याच स्नायूंची विजेची हालचाल नोंदली. त्यांना दिसलं की मोठा श्वास घेऊन बोलायला सुरुवात केल्यावरही बाहेरचा थर, म्हणजे श्वास घेणारा स्नायू, काही काळ कामावर असतो. तो बरगड्या धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. हवा कमी होत गेली की तो सुटतो आणि श्वास सोडणारा मधला थर जोर लावू लागतो. अगदी शेवटी पोटाचे स्नायू. म्हणजे लांब ठेवलेला षड्ज हा एका स्नायूकडून दुसऱ्याकडे इतक्या अलगद सोपवलेला असतो की ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. ज्याच्या छातीत हवा मुळातच कमी मावते, त्याला ही सोपवासोपवी फार लवकर करावी लागते, आणि श्वासही फार वेळा, चोरून घ्यावा लागतो. हे न दिसता करणं म्हणजे रियाज. कुमारजींना जे रियाजानं जमलं त्याचा शंभरावा भाग जरी एखाद्या भाजीवाल्याला शिकवता आला तरी तो आपली गाडी एक गल्ली पुढं ढकलेल.

कारण माझ्याकडे येतात ते गवई नसतात. गाडी ओढणारे, पोती उचलणारे, विटांच्या भट्टीवरचे. पूर्वी गिरणीतले यायचे. उज्जैनला एके काळी कापडगिरण्यांचं शहर म्हणत. विनोद मिल 1996 साली बंद पडली, पण कापसाच्या धुळीनं जखडलेल्या छात्या त्यानंतरही बरीच वर्षं दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या मी पाहिल्या. सुट्टीनंतर कामावर जायच्या पहिल्या दिवशी छाती आवळून यायची, असं ते सांगत. कापसाच्या धुळीच्या आजाराची खूणच ती. मंदसौरकडे पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कारखान्यांतल्या दगडाच्या बारीक धुळीनं किती तरुण फुप्फुसं दगडासारखी कडक झाली, हे सरकारी संशोधन संस्थांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवलंय. अशा धुळीनं खराब झालेल्या फुप्फुसाला टीबीही लवकर गाठतो. म्हणजे ज्याला औषधानंतर सर्वांत जास्त मदत लागणार, तोच मदत मागायला सर्वांत कमी येतो. त्याची मजुरी बुडते.

मोठ्या माणसाची छाती शर्टाखाली लपते. बाळाची लपत नाही, तरी आपण बघत नाही. माळव्यात 'पसली चल रही है' असं म्हणतात, कुणी डब्बा म्हणतं. आया फार बरोबर बघतात, हे आधी सांगते. न्यूमोनिया झालेल्या बाळाच्या बरगड्या खरंच चालतात. तान्ह्या बाळाच्या बरगड्या आडव्या असतात, कूर्चा मऊ असते, मधले स्नायू कोवळे आणि लवकर दमणारे. फुप्फुस कडक झालं की श्वासपटल जोर लावतं आणि छातीची मऊ भिंत त्या जोरापुढे टिकत नाही. श्वास घेताना छातीचा खालचा भाग बाहेर यायच्या ऐवजी आत जातो. पोट वर, छाती आत. हे दिसलं की त्या घरापुढे एकच काम असतं, दवाखाना गाठणं.

आणि इथंच घात होतो. काही ठिकाणी दवाखान्याऐवजी विळा तापवला जातो. 2023 साली आमच्याच राज्यातल्या शहडोल जिल्ह्यातून न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या मुलींना तापलेल्या सळईनं डागल्याच्या आणि त्या दगावल्याच्या बातम्या आल्या. महाराष्ट्रात मेळघाटातून पोटावर चटके देण्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. तिथं त्याला डंबा म्हणतात. त्या आईबापांना क्रूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्यांनी लक्षण ओळखलेलं असतं, आणि जवळ पोहोचण्यासारखा दुसरा कुणी नसतो. पण त्या चटक्यानं काय होतं हे सांगितलंच पाहिजे. दमत आलेले स्नायू दर श्वासाला भाजलेली कातडी ताणतात. दुखतं म्हणून बाळ आणखी उथळ श्वास घेतं. उथळ श्वासानं हवा आणखी कमी मिळते. राहिलेली ताकद रडण्यात जाते. ज्या स्नायूंच्या जोरावर ते बाळ जगत होतं, नेमका त्यांच्यावरच घाव घातला जातो. यापेक्षा उलटा इलाज मला माहीत नाही.

केंद्र सरकारनं 2019च्या नोव्हेंबरात न्यूमोनियाविरुद्ध 'सांस' नावाची मोहीम काढली. न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू 2025पर्यंत हजार जन्मांमागे तीनच्या खाली आणायचं उद्दिष्ट होतं. मोहीम चांगलीच. पण भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा आशाताईंनी आईला बाळ मांडीवर घेऊन दाखवलेलं जास्त टिकतं. दाखवायचं ते इतकंच. बाळ शांत असू द्या, रडत किंवा दूध पीत असताना मोजू नका. झबलं वर करा. घड्याळ लावून पुरं एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त श्वास भरले तर तो वेग जास्त आहे. मग छातीचा खालचा भाग बघा, श्वास घेताना आत जातो का. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात फटींमधलं मांस जरासं आत जाणं आणि छातीचा सगळा खालचा भाग आत जाणं यांत फरक शिकवतात. दुसरं जास्त गंभीर. आईनं या फरकात पडू नये. काहीही आत ओढलेलं दिसलं, वेग वाढलेला असला, बाळ दूध ओढत नसलं, तर निघावं.

मोठ्यांच्या बाबतीत बघायला घड्याळही लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. स्तनाग्रांच्या रेषेत छातीभोवती टेप धरायची, पुरा श्वास सोडायला सांगायचं, मोजायचं, मग छाती भरून घ्यायला सांगायचं, पुन्हा मोजायचं. तरुण निरोगी माणसात साधारण 5 सेंटिमीटरचा फरक पडतो. मी टीबी बरा झालेल्या रुग्णांमध्ये दोनही न भरलेला पाहिला आहे. मग मी त्याच्या खालच्या बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी तळवे ठेवते आणि सांगते, नाकानं श्वास घे आणि माझे हात बाहेर ढकल. खांदे नको, मान नको, फक्त हात ढकल. चांगली बाजू लगेच ढकलते. आखडलेल्या बाजूबद्दल पहिले काही दिवस 'ही जणू माझी नाहीच' असं तो म्हणतो. मग त्याचाच हात तिथं ठेवायचा. आपल्याच तळव्याखाली बरगडी सरकली की चेहरा बदलतो. त्यानंतर चांगल्या कुशीवर निजवून वरची बाजू उघडायची, हात डोक्यावरून नेऊन फटी ताणायच्या, ओठ चिमटून सावकाश श्वास सोडायचा, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर आठवड्याला वहीत लिहायचं. ज्यांना खोकताना अजून रक्त पडतंय, ज्यांच्या छातीत फुप्फुसाबाहेर हवा भरलीय किंवा ज्यांची थुंकी अजून दूषित आहे, त्यांनी डॉक्टर सांगेपर्यंत हे करू नये.

श्वासाच्या व्यायामाचं, तीन छोट्या चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र पुष्कळ घरांत टीव्हीशेजारी असतं. दवाखान्यातून सुटी देताना हातात ठेवलेलं. त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. माझ्याकडे येणारे बरेच जण महिनाभर जीव खाऊन फुंकत आलेले असतात, कारण देताना कुणी दोन मिनिटं बसून दाखवलेलं नसतं. दोन मिनिटं. तेवढीच मी मागतेय, फक्त ती नियमात लिहिलेली हवीत.

आपला राष्ट्रीय कार्यक्रम गोळीच्या पलीकडं बघू शकतो, हे त्यानं दाखवून दिलंय. 2018पासून टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी महिना 500 रुपये मिळत होते, नोव्हेंबर 2024पासून ते 1000 झाले. स्नायूंना मांस हवं, मांसाला प्रथिनं हवीत, तेव्हा हा पैसा अगदी योग्य जागी जातो. कोर्स संपल्यावर सहा, बारा, अठरा आणि चोवीस महिन्यांनी रुग्णाला पुन्हा बघायचं, हेही कागदावर आहे. बघायचं कशासाठी? रोग उलटला का, यासाठी. माझं म्हणणं एवढंच की त्याच चार भेटींत श्वासही बघा. ती माणसं तशीही येणार आहेत, निदान त्यांनी यावं अशी अपेक्षा आहे. मोकळ्या हाताने परत पाठवता तसं पाठवू नका. आपला श्वास कुणीतरी मोजणार आहे, त्यात मागच्या वेळेपेक्षा फरक पडला का ते कळणार आहे, हे माहीत असेल तर बरा झालेला माणूसही भाडं खर्चून येतो. हा माझा अनुभव आहे.

जिल्ह्याच्या प्रत्येक टीबी केंद्राला एक फिजिओथेरपिस्ट जोडा. रोज शक्य नसेल तर आठवड्यातून एक ठरलेला वार, बाजाराचा असेल तर उत्तम, म्हणजे मजुरी बुडवून वेगळं यावं लागणार नाही. आमच्या कॉलेजांतून दर वर्षी मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांतली कितीतरी गुडघ्यांच्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर राबतात. त्यांना छातीचं काम द्या. सामान काय लागतं? सहा मिनिटं चालवून बघायच्या चाचणीसाठी 30 मीटरचा सरळ ओसरा, जो कुठल्याही जुन्या सरकारी इस्पितळात असतो. एक टेप, एक घड्याळ, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र, जे कोरोनानं गल्लोगल्ली पोहोचवलंय. दम लागला तर बसायला दोन खुर्च्या. उज्जैनला 2028च्या सिंहस्थाची तयारी चाललीय, रस्ते रुंद होतायत, घाट बांधले जातायत, आणि उडणारी धूळ देवास गेटवर आम्ही सगळेच गिळतोय. त्या तयारीच्या खर्चात जिल्हा इस्पितळाच्या एका ओसऱ्यावर दोन पट्टे रंगवून 30 मीटरची खूण करणं आणि तिथं आठवड्याला एक माणूस उभा करणं बसू शकतं. कार्डावर 'बरा' लिहिण्याआधी त्या खुणेवरून रुग्णाला एकदा चालवा, किती मीटर चालला ते त्याच कार्डावर शेजारी लिहा, आणि सहा महिन्यांनी तो पुन्हा आला की तिथूनच सुरुवात करा.